हाताला शिकवणारा मेंदू

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे होतात आणि ती झालीच पाहिजेत. मी आज त्याच विषयाकडे जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे. शिक्षक म्हणून काम करताना एक वाक्य माझ्या कानांवर वारंवार पडते. पालक मुलाला घेऊन येतात आणि त्याच्यादेखत सांगतात, "सर, याला डोकं नाही. पुस्तक याच्या पचनी पडत नाही. आठवी झाली की गॅरेजला टाकतो, निदान हाताचं काम तरी शिकेल." वाक्य प्रेमापोटी आलेले असते, परिस्थितीपोटी आलेले असते, हे मला ठाऊक आहे. पण या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पहिला हा की, हाताचे काम डोक्याशिवाय होते. दुसरा हा की, जो हाताने शिकतो तो पुस्तकातून शिकू शकणार नाही. हे दोन्ही गैरसमज दूर करण्यासाठी मी तुम्हांला मेंदूच्या एका भागाची ओळख करून देणार आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. परंतु शोध कसे लागले हाही इतिहासच आहे, आणि तो वाचण्याची इतिहासाच्या शिक्षकाला मुभा असते.

आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, मोठ्या मेंदूच्या खाली एक लहान मेंदू असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हटले आहे. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. पण त्याच्या आकारावर जाऊ नका. २००९ साली ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतील चेतापेशींची मोजदाद केली. एकूण पेशी भरल्या सुमारे ८,६०० कोटी, आणि त्यांपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या या लहान मेंदूत! म्हणजे शंभरातील ऐंशी पेशी त्या दहाव्या हिश्शात. घरातल्या सर्वांत छोट्या खोलीत घरातली बहुतेक माणसे राहावीत, तसा हा प्रकार आहे.

इतक्या पेशी तेथे करतात तरी काय? १८२४ च्या सुमारास फ्लूरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. लहान मेंदू काढलेले कबुतर आंधळे झाले नाही, बहिरे झाले नाही, लुळेही पडले नाही. पंख हलत होते, पाय हलत होते. पण त्यांचा एकमेकांशी मेळ राहिला नव्हता. चालू गेले तर झोकांड्या, उडू गेले तर धडपड. बँडमधील सर्व वादक हजर, वाद्येही शाबूत, फक्त ताल सांभाळणारा नाही, अशी त्याची गत झाली.

पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांकडे डोक्याच्या मागील भागात गोळी लागलेले सैनिक आले. त्यांच्या तपासण्या होम्स यांनी बारकाईने लिहून ठेवल्या आहेत. बोट नाकाला लावायला सांगितले की बोट नाकापुढे निघून जाई, किंवा थरथरत अलीकडेच थांबे. लहान मेंदूच्या उजव्या बाजूला इजा असेल तर उजवा हात बिघडे, डावीकडे असेल तर डावा. अशाच एका सैनिकाने आपला अनुभव सांगितला, त्याचा आशय असा की, त्याचा डावा हात आपसूक काम करी, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल त्याला विचार करून करावी लागे. मित्रहो, यात सारे काही आले. रोज सकाळी सदऱ्याची बटणे लावताना आपण विचार करतो का? सायकलवर बसल्यावर तोल कसा सांभाळायचा याचा हिशेब करतो का? नाही. कारण तो हिशेब लहान मेंदूने कधीच शिकून ठेवलेला असतो.

"शिकून ठेवलेला" हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. काही क्रिया आपण जन्मतःच घेऊन येतो. डोळ्यात धूळ उडाली की पापणी मिटते. तव्याला बोट लागले की हात मागे येतो. यांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. पण काही प्रतिक्षिप्त क्रिया शिकलेल्या असतात. रशियाचे पावलोव्ह आणि त्यांचा कुत्रा ही गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. अन्न येण्यापूर्वी रोज एकच खूण मिळू लागली, की पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. पावलोव्ह यांनी शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया जगाला दाखवली, पण ती मेंदूत नेमकी कोठे साठते हे कळायला बराच काळ जावा लागला.

त्याचे उत्तर एका सशाने दिले. प्रयोग अगदी साधा आहे. सशाला एक सूर ऐकवायचा आणि तो संपता संपता डोळ्यावर हवेची बारीक फुंकर मारायची. फुंकर आली की पापणी मिटणार, ते जन्मजात. पण काही शे वेळा हे घडले की ससा सूर ऐकूनच, फुंकर येण्याच्या आधी, पापणी मिटू लागतो. १९८४ साली अमेरिकेत मॅककॉर्मिक आणि थॉम्प्सन या शास्त्रज्ञांनी दाखवले की, लहान मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका बारीकशा केंद्राला इजा झाली, तर ही शिकलेली पापणी कायमची जाते. फुंकर आल्यावर मिटणारी जन्मजात पापणी मात्र जशीच्या तशी राहते. सशाला सूर ऐकू येतो, पापणीही हलते. गेलेले असते ते फक्त शिक्षण.

आता यातील सर्वांत नवलाची गोष्ट सांगतो. ससा नुसती पापणी मिटायला शिकत नाही. ती केव्हा मिटायची हे शिकतो. सूर सुरू झाल्यावर पाव सेकंदाने फुंकर येत असेल, तर पापणी पाव सेकंदाच्या बेताला पूर्ण मिटते. तेच अंतर अर्धा सेकंद केले, की सरावाने पापणीही अर्ध्या सेकंदावर सरकते. आधी मिटली तर डोळा उगीच झाकला, नंतर मिटली तर फुंकर लागून गेली. आणि लहान मेंदूच्या वरच्या थराला इजा झाली, तर शिकलेली पापणी मिटते खरी, पण भलत्याच वेळी, फार लवकर. म्हणजे काय करायचे आणि केव्हा करायचे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्यातली वेळ त्या वरच्या थरात सांभाळली जाते.

तेथे पर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी आहेत. पसरलेल्या झाडासारख्या त्या दिसतात. प्रत्येकीपर्यंत लाखाहून अधिक बारीक तंतू बातम्या आणतात: पाय कोठे आहे, हात किती वळला, कानावर काय पडले. त्यांना समांतर तंतू म्हणतात. याखेरीज एकच एक जाड तंतू वेलीसारखा त्या झाडावर चढलेला असतो, तो आरोही तंतू. हा सहसा बोलत नाही. काही अनपेक्षित घडले, फुंकर डोळ्यावर बसली, हात चुकला, की तो मोठ्याने सांगतो, "चुकले!" त्या चुकीच्या किंचित आधी ज्या तंतूंनी बातमी आणली होती, त्यांची जोडणी मग बदलते. असे व्हावे ही कल्पना १९६९ आणि १९७१ साली मार आणि ॲल्बस या दोघांनी मांडली, आणि १९८२ साली जपानच्या मासाओ इटो यांनी ती जोडणी खरोखर क्षीण होते हे प्रयोगाने दाखवले. ही एकच यंत्रणा सर्व काम करते असे मात्र आज कोणी म्हणत नाही. संशोधन चालूच आहे.

पर्किंजे पेशीचे काम आहे रोखून धरण्याचे. ती खालच्या केंद्राला सतत "थांब, थांब" म्हणत असते. शिकून झाले की ती नेमक्या वेळी गप्प होते, आणि ती गप्प झाली की खालचे केंद्र मोकळे होऊन पापणी मिटवते. स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवून दिले की, किती वेळाने गप्प व्हायचे हे एकेक पेशी स्वतः शिकू शकते.

हे सारे सशाचे झाले. आता आपल्या जिल्ह्यात येऊ या. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण श्रीरामपूर तेथेच आहे. त्या श्रीरामपुरात १९७८ साली जन्मलेला एक मुलगा सतराव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला गेला, आणि पुढे भारतासाठी ९२ कसोटी सामने खेळून ३११ बळी घेऊन आला. झहीर खानचे नाव मी सांगण्याआधीच मागच्या रांगेतून आले, ते बरोबरच आहे!

झहीरचा चेंडू ताशी १३५ किलोमीटर वेगाने निघाला असे धरा. दोन्ही क्रीजमधले अंतर साडेसतरा मीटरच्या थोडे वर. टप्पा पडल्यावर वेग कमी होतो हे गृहीत धरले, तरी फलंदाजाला मिळतो साधारण अर्धा सेकंद. तेवढ्यात पाहायचे, ठरवायचे, पाय काढायचा आणि बॅट आणायची. २००० साली इंग्लंडमध्ये फलंदाजांच्या नजरेचा अभ्यास झाला. चांगला फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवत नाही, असे त्यात दिसले. चेंडू सुटताना तो पाहतो, आणि मग चेंडू पोहोचण्याआधीच त्याची नजर टप्पा पडणार त्या जागेवर जाऊन थांबते. सशाने सुरावरून फुंकरीची वेळ ओळखावी, तसा तो हाताच्या हालचालीवरून चेंडूची वेळ ओळखतो.

गोलंदाजाचेही तेच. हात वेगाने फिरत असताना बोटे केव्हा उघडायची, यावर चेंडू कोठे जाणार हे ठरते. क्षणभर लवकर उघडली तर चेंडू वर, क्षणभर उशिरा उघडली तर खाली. लहान मेंदूचा आजार असलेल्या रुग्णांना चेंडू फेकायला लावून १९९९ साली एक अभ्यास झाला. त्यांचे चेंडू वर-खाली भरकटत होते, आणि त्याचे कारण बोटे उघडण्याची वेळ नेमकी साधत नव्हती, हेच निघाले.

आता २० मार्च २०११ हा दिवस आठवा. विश्वचषक, चेन्नईचे मैदान, समोर वेस्ट इंडीज. डेव्हन स्मिथ ८१ धावांवर जम बसवून खेळत होता. झहीरने बोटांच्या पेरांत धरलेला संथ चेंडू टाकला. धाव तीच, हात फिरवण्याची गती तीच. चेंडू मात्र उशिरा आला. स्मिथचा त्रिफळा उडाला, आणि २ बाद १५४ वरून वेस्ट इंडीजचा डाव १८८ वर आटोपला. खूण जुनी, वेळ नवी! फलंदाजाने जे इतके चोख शिकून ठेवले होते, त्यालाच झहीरने फसवले. त्या स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले. तेवढेच बळी पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीने घेतले, इतर कोणी नाही.

संगमनेर तालुक्यातील आश्वीचा अजिंक्य रहाणे घ्या. २०१५ साली श्रीलंकेत गॉलच्या कसोटीत त्याने एकाच सामन्यात ८ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून दुसऱ्या कोणी तोवर कसोटीत इतके झेल घेतले नव्हते. फिरकी गोलंदाजीवर स्लिपचा खेळाडू फलंदाजापासून तीन मीटरवर उभा आहे, आणि बॅटची कड घेतलेला चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने येतो आहे असे धरले, तर त्याच्याकडे असतात सेकंदाचे पंधरा शतांश. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण वीस शतांश लागतात. हा हिशेब विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा. पाहून मग हात नेला तर झेल सुटणारच. बॅटचा कोन आणि चेंडूचे वळण यांवरून हात आधीच तयारीत हवेत.

एक खुलासा करतो. क्रिकेट हा फक्त लहान मेंदूचा खेळ नव्हे. डावपेच, निर्णय, धीर यांत सगळा मेंदू कामाला लागतो. पण वेळ साधण्याचे जे कसब आपण "हातात बसलेले" म्हणतो, ते बसण्याची एक मोठी जागा डोक्याच्या मागच्या बाजूला आहे, हे निश्चित.

आणि म्हणून, पालकहो, हे फक्त खेळाडूंपुरते नाही. शिलाई मशीनवर पायडल आणि कापड यांचा मेळ घालणारी तुमच्या घरातील माउली पाहा. गॅरेजमध्ये पान्याला नेमका किती पीळ द्यायचा हे हातानेच ओळखणारा मिस्त्री पाहा. तबल्यावर बोट पडण्याचा क्षण पाहा. ऊस तोडणाऱ्याचा कोयता पाहा. या प्रत्येक कामामागे लाखो जोडण्या हजारो चुकांतून सुधारलेल्या असतात. याला "बिनडोक काम" म्हणणाऱ्याने मेंदू पाहिलेला नाही. आणि ज्या मुलाने सहा महिन्यांत गिअरबॉक्स उघडून पुन्हा जुळवायला शिकले, त्याला "डोकं नाही" असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? शिकण्याची शक्ती त्याच्यात आहे, हे त्याने सिद्धच केले आहे. त्याला सुट्टीत गॅरेजमध्ये जरूर बसवा. पण शाळा सोडवून नव्हे. दहावीनंतर आय.टी.आय. आहे, तंत्रनिकेतन आहे. हाताला येणारे कसब आणि कागदावरची आकृती ज्याला दोन्ही जमतात, तो उद्या गॅरेजचा मालक होतो.

लहान मेंदूच्या शिकण्याच्या रीतीवरून शिक्षक म्हणून मला तीन गोष्टी सुचतात. त्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नियम म्हणून नव्हे, तर अनुभवाशी ताडून पाहिलेले विचार म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, हात व्याख्यानाने शिकत नाही. पोहणे, लेखन, टंकलेखन, शिवण, उच्चार यांना प्रत्यक्ष आवृत्ती लागते. आणि रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो. दुसरी गोष्ट, चूक आणि दुरुस्ती यांच्यात अंतर नको. मुलाने अक्षर चुकीच्या वळणाने काढले तर ते तेव्हाच दाखवावे. महिन्याने वहीवर लाल रेघ मारून हाताला काही कळत नाही. तिसरी गोष्ट, चूक हे शिक्षणाचे खाद्य आहे. "चुकले" अशी बातमी आल्याशिवाय जोडणी बदलत नाही. चुकीबद्दल मार खाणारे मूल चूक टाळायला शिकत नाही, प्रयत्न टाळायला शिकते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही मुलांचे हात मुळातच उशिरा वळणावर येतात. त्यांना थोडा जास्त वेळ आणि सराव द्या. पण चांगले चालणारे मूल अचानक बिघडले तर ती गोष्ट निराळी असते. माझ्या माहितीतील एका गावात सहावीतला एक मुलगा होता. अक्षर चांगले होते, ते दोन-तीन महिन्यांत वेडेवाकडे झाले. पाय फाकवून चालू लागला, पाण्याचा पेला तोंडाशी नेताना सांडू लागला. वर्गात मुले हसली. कोणी म्हणाले लक्ष नाही, कोणी म्हणाले नजर लागली. सकाळी उठल्यावर डोके दुखते आणि उलटी होते, हे त्याच्या आजीने सांगितले तेव्हा एका डॉक्टरांनी त्याला तातडीने पुण्याला पाठवले. लहान मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. आज तो मुलगा शाळेत जातो. चालताना किंचित अडखळतो, पण स्वतःच्या पायांनी जातो. आजीचे एक वाक्य जर कोणी ऐकले नसते, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

लहान मुलांच्या मेंदूतील गाठी बऱ्याचदा याच भागात होतात. म्हणून हे ध्यानात ठेवा: नव्याने तोल जाणे, वस्तू धरायला जाताना हात चुकणे, बोलणे जड होणे, आणि त्याबरोबर सकाळची डोकेदुखी व उलट्या. असे दिसले तर मुलाला रागावू नका, उतारा करीत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मोटारसायकलवर मुलगा मागे बसतो तेव्हा त्याच्याही डोक्यावर हेल्मेट असू द्या. आणि दारूने झोकांड्या जातात त्याचे कारणही हाच लहान मेंदू. वर्षानुवर्षांच्या व्यसनाने तो कायमचा झिजतो, हे आपल्या तरुणांना स्पष्ट सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील प्रत्येकजण झहीर खान होणार नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही. पण ज्या साधनाने त्याने चेंडू शिकून घेतला, ते साधन तुम्हां सर्वांच्या डोक्यात आहे. ते श्रीमंत-गरीब पाहत नाही, मुलगा-मुलगी पाहत नाही. त्याला हवा असतो रोजचा सराव, आणि चूक सुधारून सांगणारे एखादे माणूस. सराव तुम्ही करा. ते माणूस होण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आणि पालकांची आहे.